गच्चीवरचं रडार आणि सरळ भिंत

आमच्या कॉलेजच्या गच्चीवर जहाजाचं रडार आहे. ग्वाल्हेरात समुद्र नाही हे मला माहीत आहे. पुष्कळांचं ते मला सांगून झालं आहे. सगळ्यात आधी सांगितलं पडाव भागातल्या ट्रान्सपोर्टवाल्याने. तोडायला काढलेल्या कुठल्याशा जहाजावरून उतरवलेलं ते यंत्र लाकडी पेट्यांतून त्याच्या गोदामात आलं होतं आणि ते सोडवायला मी गेले होते. त्याने पेटीवरचा मजकूर वाचला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मैडम, यहाँ समंदर कहाँ है?"

मी म्हटलं, "भैया, किला तो है. हमको किला देखना है."

तो हसला, पण पेट्या त्याने जपून चढवल्या.

मी या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. घर शहराच्या लष्कर भागात, इंदरगंजच्या मागच्या गल्लीत. माझ्या माहेरचे आणि सासरचे, दोन्हीकडचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आलेले. फौज गेली, घोडे गेले, पण 'आम्ही शिपाईगडी' हे बोलणं राहिलं, आणि तेही पुरुषांच्याच तोंडी. मी इंजिनिअरिंगला जाते म्हटल्यावर वडील म्हणाले होते, "बी.एड. कर, शाळेत लागशील, दुपारी घरी येशील." मी काही दुपारी घरी येणारी झाले नाही. नवरा वकील आहे. तो म्हणतो, "मी कोर्टात भांडून घरी शांत असतो. तू घरी शांत असलीस की मला कळतं, कॉलेजात काहीतरी पेटलंय."

आमचे विभागप्रमुख त्याचे शाळेपासूनचे मित्र. आमच्याच समाजातले, चार गल्ल्या सोडून राहणारे. त्यामुळे कॉलेजच्या फाटकाच्या आत मी 'मॅडम' आणि बाहेर 'वहिनी'. हा भेद ते वर्षानुवर्षं पाळत आले. काम अडलं की मात्र फाटकाच्या आतही मी वहिनी व्हायची.

रडार घ्यायची कल्पना माझी. पुस्तकात चित्रं काढून शिकवायचा मला कंटाळा आला होता. परवानग्यांची खटपट डायरेक्टर साहेबांनी केली, कारण त्यांना गच्चीवर फिरणारं, रस्त्यावरून दिसणारं काहीतरी हवं होतं. बसवायचं काम मी आणि माझ्या शेवटच्या वर्षाच्या वर्गाने केलं. अँटेना गच्चीवर, पडदा तळमजल्यावरच्या लॅबमध्ये, आणि दोन्हींच्या मध्ये जिन्याजिन्याने खाली आणलेली लांबच लांब केबल. ज्या दिवशी पडदा पहिल्यांदा उजळला आणि त्यावर किल्ल्याचा डोंगर जाड हिरव्या पट्ट्यासारखा उमटला, तेव्हा शेजारच्या भिंड जिल्ह्यातली एक मुलगी, वर्गातली सगळ्यात मोठ्या आवाजाची, ओरडली, "मैडम, किला आ गया!" जणू किल्लाच चालत आमच्याकडे आला होता.

पुढे जे झालं ते समजायला रडार आत कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. मी ते वर्गात सांगते तसंच सांगते.

रडार म्हणजे हाक मारून उत्तराची वाट पाहणं. ट्रान्समीटर लहरींचा एक छोटा ठोका बाहेर सोडतो. तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो. रिसीव्हर तो ऐकतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून वस्तू किती लांब ते कळतं आणि पडदा तेवढ्या अंतरावर ठिपका काढतो. यातलं एकेक काम फार अवघड नाही. अवघड आहे ते सगळ्यांनी एकाच क्षणाला धरून चालणं. त्यासाठी एक वेगळं सर्किट असतं. ते स्वतः काही पाठवत नाही, काही ऐकत नाही, काही दाखवत नाही. ते फक्त 'आता' म्हणतं. त्या 'आता'वर ट्रान्समीटर ठोका सोडतो. त्याच 'आता'वर रिसीव्हरचे कान क्षणभर झाकले जातात, नाहीतर शेजारच्या ट्रान्समीटरच्या दणक्याने ते कायमचे बसतील. आणि त्याच 'आता'वर पडदा वेळ मोजायला लागतो. सेकंदाचा दहा लाखावा भाग इकडेतिकडे झाला, तर वस्तू दीडशे मीटर सरकते. विद्यार्थ्यांना ट्रान्समीटर आवडतो, कारण त्यात ताकद असते. मला हे 'आता' म्हणणारं सर्किट आवडतं.

तर आमच्या रडारचा 'आता' बिघडलेला होता. आम्ही पडद्यावर किल्ल्याचं अंतर मोजलं, नकाशावर मोजलं, आणि पडद्यावरचा किल्ला नव्वदेक मीटर लांब निघाला. कारण शोधायला मला फार वेळ लागला नाही. जहाजावरची केबल आखूड असणार. आमची तिच्यापेक्षा कितीतरी लांब. 'आता' ही खबर त्या केबलमधून गच्चीवर पोचायला वेळ घेत होती, उत्तर खाली यायलाही वेळ घेत होतं, आणि पडदा मात्र खबर निघाल्या क्षणापासूनच मोजत बसला होता. म्हणून जी जी वस्तू दिसे ती खऱ्या जागेपेक्षा तेवढीच लांब दिसे. किल्लाही नव्वद मीटर, शेजारचं घरही नव्वद मीटर.

आणि शेजारची भिंतसुद्धा. कॉलेजला लागून एका बंद पडलेल्या कारखान्याची कंपाउंडची भिंत आहे. उंच, विटांची, दोरी लावून बांधलेली, नाकासमोर सरळ. पडद्यावर तीच भिंत मधोमध फुगलेली दिसायची. पोट सुटल्यासारखी. भिंतीचा जो भाग आपल्या अगदी समोर असतो तो पुरता नव्वद मीटर मागे ढकलला जातो, आणि दूरची टोकं ढकलली जातात ती तिरकी, भिंतीच्याच लांबीच्या दिशेने; म्हणून टोकं जवळपास जागेवर राहतात आणि मध्य फुगतो. मी मुलांना गच्चीवर नेलं, डोळ्यांनी भिंत दाखवली, मग खाली आणून पडद्यावरची दाखवली. म्हटलं, यापेक्षा चांगला धडा मला पुस्तकात सापडला नसता.

उपाय ठाऊक होता. पडद्याला थोडं थांबायला शिकवायचं: खबर वर जाऊन उत्तर खाली यायला केबल जेवढा वेळ खाते, तेवढा वेळ थांब आणि मग मोजायला लाग. त्यासाठी यंत्रात एक छोटा फिरवायचा भाग असतो. आमच्या यंत्रातला तो समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजून जाम झाला होता. बोर्ड बाहेर काढून तो बदलायला हवा होता. मी विभागप्रमुखांच्या खोलीत जाऊन तसं सांगितलं.

ते म्हणाले, "आत्ता नको. समिती येते आहे."

कॉलेजच्या तपासणीला बाहेरून समिती यायची होती. सगळीकडे रंगरंगोटी चालली होती. रडार हे त्या दिवसाचं मुख्य आकर्षण ठरलं होतं.

"म्हणूनच आत्ता," मी म्हटलं. "दोन-तीन दिवस बंद ठेवावं लागेल, बस."

"आणि उघडलं, आणि परत चालूच झालं नाही तर? इतकं जुनं यंत्र. मग काय दाखवू? रिकामा पडदा?" त्यांची भीती काही खोटी नव्हती. मलाही ती होती. मग त्यांनी आवाज खाली आणला. "मागे आकडा जुळवायचा एक स्क्रू आहे. थोडा फिरवला की किल्ल्याचं अंतर नकाशाशी बरोब्बर जुळतं. मी करून पाहिलंय."

"किल्ल्याचं जुळेल. बाकीच्यांचं?"

"बाकीचं कोण बघतंय? किल्ला दाखवायचा. ग्वाल्हेरला येणारा प्रत्येक जण किल्लाच बघतो."

"सर, चूक सगळीकडे सारखी आहे. तुम्ही त्या स्क्रूने ती अंतराच्या टक्क्यांत कापताय. किल्ल्यापाशी ती फिटेल, जवळ आलात की फिटणार नाही. भिंतीचं पोट तसंच राहणार."

"भिंत दाखवायचीच नाही."

"मुलांनी पाहिलीय ती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "वहिनी, तुम्ही खामखां बात वाढवता. इतक्या वर्षांचे आपले घरोबे—"

"मॅडम," मी म्हटलं. "आपण फाटकाच्या आत आहोत. आणि यंत्र उघडायला भीती वाटत असेल तर ते बंद आहे असं सांगू. बंद आहे असं सांगण्यात काय कमीपणा? पण हा आकडा मी कोणाला दाखवणार नाही."

"मग दुसरा कोणीतरी दाखवेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लॅबला नवं कुलूप होतं. शिपायाने मान खाली घालून सांगितलं की चावी साहेबांकडे आहे. माझा वर्ग व्हरांड्यात उभा होता. मुलं माझ्याकडे बघत होती. मला खरं तर रडू येत होतं, पण राग त्याहून आधी आला, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं.

मी भिंडच्या मुलीला म्हटलं, "होस्टेलच्या मेसमधून एक स्टीलची थाळी आण. मोठी. आणि बेलन."

आम्ही सगळे मैदानात गेलो. कारखान्याची भिंत समोर होती. तिच्यापासून पुरेसं लांब उभं राहून टाळी वाजवली की आवाज भिंतीवर आपटून परत येतो, हे होस्टेलच्या मुलांना ठाऊकच होतं. संध्याकाळी त्यांचा तो खेळच होता. मी तिघांना पुढे काढलं. भिंडची मुलगी थाळी वाजवणार, म्हणजे ट्रान्समीटर. एक उंच मुलगा दोन्ही कानांवर हात ठेवून उभा राहणार, थाळी वाजून गेली की हात काढणार आणि भिंतीकडून आवाज आला की बोट वर करणार. तो रिसीव्हर. तिसरी मुलगी मोबाइलवर वेळ मोजणार. ती पडदा. मी म्हटलं, "आपापल्या मर्जीने करा." थाळी वाजली तेव्हा रिसीव्हरचे कान उघडेच होते, तो "अरे मम्मी!" म्हणून खाली बसला. पडदावालीने घड्याळ उशिरा दाबलं. भिंत एकदा इतकी जवळ आली की आम्ही तिच्या आतच उभे होतो, आणि एकदा पार पुढच्या रस्त्यापलीकडे गेली. मुलं हसत सुटली.

मग मी हात वर केला. "आता सगळे माझ्या हाताकडे बघा. हात खाली येईल तो 'आता'. थाळी त्यावर, कान त्यावर, घड्याळ त्यावर. एकमेकांकडे बघायचं नाही."

हात खाली. थाळी. परतलेला आवाज. पुन्हा. पुन्हा. आकडे थोडे मागेपुढे होत, पण भिंत आता एका जागी उभी राहिली. पावलांनी मोजून पाहिलं तर जवळपास जुळलं. मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

मग मी थाळीवालीच्या कानात सांगितलं, "माझा हात खाली आला की मनात 'एक' म्हण, आणि मग वाजव. कोणाला सांगू नकोस." लगेच भिंत दुपटीने लांब गेली. पडदावाली गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. तिचं काही चुकलं नव्हतं. मी मुलांना कारण सांगितलं आणि विचारलं, "आता काय करायचं?"

एक जण म्हणाला, "मैडम, आधा कर देते हैं. जितना आया उसका आधा."

"कर."

निम्मं केलं, भिंत जागेवर आली. तो खूश झाला. मी म्हटलं, "आता सगळे भिंतीच्या बरेच जवळ चला." तिथे जाऊन तोच खेळ केला. अंतर कमी झालं होतं, पण मनातल्या 'एक'ला तेवढाच वेळ लागत होता. निम्मं केलं तरी भिंत कितीतरी लांब राहिली. तेवढ्यात पडदावालीच म्हणाली, "मैडम, मैं भी मन में 'एक' बोल के स्टार्ट करूँ तो?"

तिने तसं केलं. भिंत जागेवर आली. आम्ही पुन्हा लांब गेलो. तिथेही जागेवर.

मी वर पाहिलं तेव्हा विभागप्रमुख पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात कठड्याला हात टेकून उभे होते. किती वेळचे, ते ठाऊक नाही. ते चांगले इंजिनिअर आहेत. खाली काय चाललंय ते त्यांना माझ्याइतकंच कळलं होतं. ते आत निघून गेले आणि थोड्या वेळाने डायरेक्टर साहेब मैदानात आले.

"ये क्या तमाशा है, मैडम? ऑफिस तक थाली की आवाज़ आ रही है."

मी तोंड उघडायच्या आत भिंडची मुलगी म्हणाली, "सर, रडार चल रहा है."

"रडार ऊपर है."

"ऊपर वाला बंद है, सर. ताला लगा है."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते मला म्हणाले की समितीच्या दिवशी मी रजा घ्यावी, तब्येतीला आराम मिळेल. मी म्हटलं, माझी तब्येत उत्तम आहे. ते म्हणाले, "फिर भी." मी म्हटलं, "फिर भी आऊँगी."

घरी ही गोष्ट माझ्या आधी पोचली होती. विभागप्रमुखांनी नवऱ्याला फोन केला होता. चहा घेताना तो म्हणाला, "त्याची बाजूही बघ ना. खुर्चीवर बसलेल्या माणसाला वरूनही ऐकावं लागतं."

"बघितली. त्याने यंत्र बंद ठेवलं असतं तर मी त्याच्या बाजूने उभी राहिले असते."

मुलगी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, तू छुट्टी घेऊन घे ना. क्या फर्क पड़ता है?"

"मला पडतो," मी म्हटलं. "ज्यांनी त्या भिंतीकडे डोळ्यांनी पाहिलंय, ती पोरं तिथे उभी असणार. त्यांच्यादेखत कोणी सांगणार की पडदा बरोबर आहे, आणि मी घरी बसून पोहे करायचे?"

नवऱ्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "एक वकील म्हणून सांगतो. जे बोलशील ते थोडक्यात बोल. आणि आवाज चढवू नकोस, तुझा चढतो."

तेवढं मी ऐकलं.

समितीच्या दिवशी मी नेहमीसारखी गेले. हिरवी साडी नेसून, केस नीट बांधून. लॅब उघडी होती. पडद्यापाशी विभागप्रमुख स्वतः उभे होते, मुलं भिंतीला लागून रांगेत. मी दारात उभी राहिले. मला कोणी आत ये म्हटलं नाही, बाहेर जा असंही म्हटलं नाही. समितीचे लोक आले, सकाळपासून फिरून दमलेले. विभागप्रमुखांनी अंतर मोजायचं वर्तुळ पडद्यावरच्या किल्ल्यावर नेलं, आकडा वाचला, शेजारच्या नकाशावरचा आकडा दाखवला. दोन्ही तंतोतंत सारखे.

"वाह," एक जण म्हणाले. मग त्यांनीच पडद्याच्या मध्याशी बोट नेलं. "और ये पास में गोल-गोल क्या है? कोई नाला?"

विभागप्रमुख क्षणभर थांबले. मला वाटलं, आता ते खरं सांगतील. मी मनापासून वाट पाहिली. ते म्हणाले, "जी, नाला ही समझिए."

मी म्हटलं, "नाला नाही आहे, सर. ती भिंत आहे." आधी मराठीतच निघालं. मग हिंदीत सांगितलं, आवाज न चढवता. ही भिंत सरळ आहे, खिडकीतून दिसते. यंत्राचं वेळ मोजणं सगळीकडे सारखंच चुकतं आहे, आणि किल्ल्याचा आकडा जुळवून घेतलेला आहे. हे दुरुस्त होण्यासारखं आहे, पण अजून झालेलं नाही.

मी समजत होते की आता काहीतरी होईल. कोणी प्रश्न विचारेल, कोणी खिडकीपाशी जाईल. तसं काही झालं नाही. ते गृहस्थ म्हणाले, "अच्छा, अच्छा. ठीक है," आणि दाराजवळच्या आग विझवायच्या सिलिंडरची मुदत बघायला वळले. मग सगळे पुढच्या विभागात गेले. समितीला भिंत सरळ असली काय, वाकडी असली काय, सारखंच होतं.

पण रांगेतली मुलं खिडकीबाहेर बघत होती. सगळी.

शिक्षा लगेच झाली. लॅब माझ्याकडून गेली आणि मला पहिल्या वर्षाचे वर्ग मिळाले, जिथे विजेचे अगदी सुरुवातीचे धडे असतात. समाजातही बातमी फिरली. गणपतीत आरतीला विभागप्रमुखांच्या बायकोने माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. एका काकूंनी मला बाजूला घेऊन समजावलं की आपली मराठी माणसं इथे मुळातच थोडी, त्यात असं करू नये. मी त्यांना म्हटलं, "काकू, थोडी आहोत म्हणून चुकीचं अंतर सांगायचं का?" त्यांना अंतर म्हणजे काय ते कळलं नाही, पण मी ऐकणार नाही एवढं कळलं.

लॅब माझ्याकडून गेली, पण प्रॅक्टिकल कोणीतरी घ्यायलाच हवी होती. ती विभागप्रमुखांना घ्यावी लागली. आणि प्रत्येक गट त्यांना तेच विचारायला लागला. सर, भिंत अशी का? सर, समितीच्या दिवशी आपण नाला म्हणालात ना? मी कोणाला काही शिकवून पाठवलं नव्हतं. पडदा समोर होता, खिडकी शेजारी होती. भिंडच्या मुलीने तर एकदा त्यांना विचारलं, "सर, थाली लाऊँ?" त्या दिवशी त्यांनी तिला वर्गाबाहेर काढलं. ती माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसली आणि तास संपेपर्यंत हसत होती.

दिवाळीनंतर एका दुपारी ते माझ्या वर्गाच्या दारात आले. मुलांना सोडल्यावर म्हणाले, "वहिनी, ते बघता का एकदा?"

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय."

"बघते. पण वहिनी म्हणून येणार नाही. विभागाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगा की यंत्र चुकतंय आणि मी दुरुस्त करणार आहे."

ते परत गेले. मला वाटलं, झालं, आता नाही येत. पण पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं. एका वाक्यात, कागदांकडे बघत, घाईघाईने. माफीबिफी काही नाही. मी ते वाक्य पुरेसं धरलं.

आम्ही दोघांनी मिळून यंत्र उघडलं. त्यांनी टॉर्च धरला, मी बोर्ड काढला. गंजलेला भाग मी अगदी जपून उतरवला, कारण त्यांची भीती खरी ठरली असती तर दोष माझ्यावर आला असता, आणि योग्यच आला असता. नवा भाग बसवला. त्यांनी फिरवून ठेवलेला मागचा स्क्रू मी मूळ जागी आणला. यंत्र सुरू केलं. पडदा काळाच राहिला. आम्ही दोघं परत बोर्डावर वाकलो. मग एक जोडणी सैल निघाली; ती त्यांनाच दिसली, त्यांनीच घट्ट केली. पडदा उजळला. मी नवा भाग हळूहळू फिरवत गेले. भिंतीचं पोट आत जायला लागलं. थोडं जास्त फिरवलं तर ती उलटी, आमच्या बाजूला वाकली. मागे आले. मग ती सरळ झाली. खिडकीतून दिसते तशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. किल्ल्यावर वर्तुळ नेलं, आकडा नकाशाशी जुळला. रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर नेलं, तोही जुळला.

"झालं," ते म्हणाले. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा पाहून मला त्यांच्यावरचा राग धरून ठेवणं जड गेलं, तरी मी तो पुरता सोडला नाही.

"लॅब?" मी विचारलं.

"ते डायरेक्टर साहेबांच्या हातात आहे."

"मग त्यांना विचारा."

"विचारतो," म्हणाले. अजून विचारलेलं नाही.

नव्या सत्रात शेवटच्या वर्षाला रडारचा विषय घेतलेल्यांत मुली जास्त आहेत. त्यांची प्रॅक्टिकल दुसरे सर घेतात. माझ्याकडे पहिलं वर्षच आहे. भिंडची मुलगी नोकरीला लागली. जाताना माझ्या पाया पडायला आली आणि विभागप्रमुखांच्या खोलीवरून मुद्दाम मोठ्याने बोलत गेली. मी दर महिन्याच्या मीटिंगला शेवटी हात वर करते आणि म्हणते, "लॅबचा प्रश्न राहिला." विभागप्रमुख म्हणतात, "पुढच्या वेळी बघू, मॅडम." बाकीचे घड्याळाकडे बघतात. एक नवे तरुण सर मागच्या वेळी उठता उठता म्हणाले, "मॅडम, आप थकती नहीं?" मी त्यांना म्हटलं, अजून निवृत्तीला बरीच वर्षं आहेत, आणि मीटिंग दर महिन्याला असते.